मोत्याचा वांटा

मराठींत अन्न देण्याला एकच क्रियापद पुरत नाहीं. देवाला आपण नैवेद्य दाखवितों, पाहुण्याला वाढतों, लेकराला भरवितों, भिक्षेकऱ्याला घालतों, कावळ्यासाठीं ठेवतों; आणि कुत्र्याला मात्र टाकतों. केर टाकावा, उष्टें टाकावें, तशीच शिळी भाकरी कुत्र्याला टाकावी. या शब्दांत दुष्टपणा आहे असें नाहीं. ज्या घरांतून रोज ठरलेल्या वेळीं भाकरीचा तुकडा बाहेर पडतो, तें घर कुत्र्याच्या दृष्टीनें पुण्यवानच होय. पण भाषा ही मोठी प्रामाणिक साक्षीदार असते. आपण ज्याच्यासाठीं जें क्रियापद वापरतों, त्यावरून आपल्या घरांत त्याची पायरी कोणती तें बरोबर कळतें.

गेल्या दीड वर्षांत आमच्या घरांतलें हें शेवटचें क्रियापद बदललें. तें कसें बदललें आणि बदलतांना तीन पिढ्यांची कशी ओढाताण झाली, तेवढेंच आज सांगावयाचें आहे. विषय तसा क्षुल्लक आहे. कुत्र्यासाठीं घरीं बिस्किटें भाजण्याचा. पण एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांना मीं सांगावयास नको कीं, घरांतले मोठे प्रश्न बहुधा अशा क्षुल्लक वस्तूंचें बोट धरूनच आंत येतात.

आमचें घर छत्रपति संभाजीनगरांत आहे. शहराचें नांव २०२३ सालीं बदललें. पण सासूबाईंच्या तोंडीं अजून औरंगाबादच येतें. नातवंडें तें दुरुस्त करतात, त्या "बरं बाई" म्हणतात, आणि पुढच्याच वाक्यांत पुनः औरंगाबाद म्हणतात. शहर मूळचेंच भट्ट्यांचें. महंमद तुघलकानें १३२७ सालीं राजधानी दौलताबादेस आणली, तेव्हां त्याच्या फौजेबरोबर येथला प्रसिद्ध नान-कलिया आला, अशी आख्यायिका आहे. आमच्यासारख्या घरांत कलिया शिजण्याचा प्रश्नच नव्हता. तरी भट्टीशीं आमचाहि संबंध होता. दिवाळीच्या आधीं मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप घेऊन बेकरींत जावयाचें, तेथें नानकटाई वळून पत्र्यावर मांडावयाची, भाजून झाली कीं ऊन ऊन डब्यांत भरून घरीं आणावयाची, हा सोहळा सासूबाईंनीं वर्षानुवर्षें केला आहे. बिस्किट हा पदार्थ त्यांना परका नव्हता, हें ध्यानांत असूं द्यावें.

मोत्या हा आमच्या घरचा कुत्रा. जात विचाराल तर गांवठी. तेरा वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत तो फाटकाशीं कुडकुडत सांपडला आणि मामंजींच्या मागोमाग आंत आला. तेव्हांपासून तो त्यांचाच. दुपारीं चार वाजतां मामंजींचा चहा होई. ते ग्लुकोजचें एक बिस्किट मोडीत. अर्धें स्वतः चहांत बुडवून खात आणि अर्धें मोत्यापुढें धरीत. धरीत म्हणतें, टाकीत नव्हे. त्या बाबतींत मामंजी आम्हां सर्वांच्या पुढें होते.

मामंजी गेले त्याला आतां अडीच वर्षें होतील. ते गेल्यावरहि चाराच्या ठोक्याला मोत्या त्यांच्या वेताच्या खुर्चीपाशीं येऊन बसे. सासूबाई कांहीं न बोलतां डब्यांतून बिस्किट काढीत आणि त्याला देत. अर्धें नव्हे, अख्खें. दुसऱ्या अर्ध्याचा धनी राहिला नव्हता. मग एकाचीं दोन झालीं, दोनाचीं चार झालीं. कधीं टोस्ट, कधीं खारी. घरांत कोणी त्यांना त्याबद्दल बोललें नाहीं. बोलणार तरी काय? साठ वर्षांच्या संसारानंतर एका बाईला चार वाजतां हाताला कांहीं काम हवें होतें.

पुढें मोत्याला जिना चढतांना धाप लागूं लागली. पंधरा किलोचें त्याचें वजन अठरावर गेलें होतें. पशुवैद्यांनीं त्याला तपासलें आणि स्पष्ट सांगितलें कीं, हृदय थकलें आहे, हिरड्या सुजल्या आहेत. वजन उतरलेंच पाहिजे, मीठ कमींत कमी हवें, साखर बंद, बेकरीचे सर्व पदार्थ बंद. सासूबाईंनीं हें ऐकलें आणि त्या एवढेंच म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासारखंच." रक्तदाबामुळें त्यांच्याहि जेवणांतलें मीठ दोन वर्षांपूर्वीं कमी झालें होतें, आणि त्या अळणी आमटीवर त्यांचा राग आम्हां सर्वांना ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशीं चार वाजतां मोत्या येऊन बसला. सासूबाईंनीं त्याच्याकडे पाहिलें, त्या उठल्या आणि देवघरांत जाऊन बसल्या. असें चार-पांच दिवस चाललें. मग त्यांनीं दुपारचा चहाच सोडला. "आतां नको वाटतो," म्हणाल्या. मोत्याचें पथ्य सुरू झालें खरें, पण त्या पथ्यानें कुत्र्यापेक्षां माणूसच अधिक वाळूं लागलें.

यावर तोड माझ्या पुतणीनें सुचविली. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "आजी, आपण मोत्यासाठीं घरींच बिस्किटं भाजूं. मीठ नाहीं, साखर नाहीं. मग तर झालं?" घरांत विजेची भट्टी होतीच, मुलांसाठीं तींत केक होत असे. मला वाटलें, प्रश्न सुटला. पण सासूबाई एकदम ताठ झाल्या. "ज्या ओट्यावर देवाचा नैवेद्य होतो, त्या ओट्यावर कुत्र्यासाठीं रांधायचं? उरलंसुरलं घालतात कुत्र्याला. मुद्दाम करीत नाहींत. माझे डोळे मिटूं द्या, मग काय तें करा."

झालें. घरांत दोन तट पडले. जाऊबाई सासूबाईंच्या बाजूनें, मुलें पुतणीच्या बाजूनें. भाऊजी नेहमींप्रमाणें थट्टेच्या बाजूनें. मला मात्र सासूबाईंच्या बोलण्यांतला एक शब्द टोंचत राहिला: 'मुद्दाम'. उरलेलें देण्यांत दात्याला कांहीं सोडावें लागत नाहीं, म्हणून त्यांत कोणाची हरकत नसते. मुद्दाम करावयाचें म्हटलें कीं आपला वेळ, आपला ओटा, आपली भट्टी द्यावी लागते. आणि तेथेंच वाद उभा राहतो.

बिस्किटानें आमच्या समाजांत वाद उभा करण्याची ही कांहीं पहिली वेळ नव्हे. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास गेलीं असतां त्यांच्यापुढें चहा आणि बिस्किटें आलीं. कोणी घेतलीं, कोणी मान राखण्यापुरता नुसता पेल्याला हात लावला. गोपाळराव जोश्यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांतून चव्हाट्यावर आणलीं. त्यांत न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळकहि होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें आणि शेवटीं प्रायश्चित्तें घ्यावीं लागलीं. ज्या बिस्किटानें रानड्यांसारख्या पुरुषाला प्रायश्चित्ताला बसविलें, तेंच बिस्किट आज आमच्या देवघराच्या शेजारच्या फळीवर डब्यांत सुखानें नांदतें आहे. सोंवळें हें पुष्कळदां वस्तूंत नसतें, आपल्या संवयींत असतें. मीं ही हकीकत सासूबाईंना सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "तें पुण्याचं झालं."

मग आमच्याकडच्यांनीं दुसरी बाजू काढली. ते म्हणाले, "आई, आजोबा वैश्वदेव करीत तें आठवतं ना तुला? त्यांत कुत्र्याचा वांटा आधीं निघे कीं मागाहून?" सासूबाई गप्प राहिल्या, कारण उत्तर त्यांना ठाऊक होतें. वैश्वदेवांतला बलि उरल्या अन्नांतून काढीत नाहींत. घरच्यांसाठीं शिजलेल्या ताज्या अन्नांतून, घरच्यांनीं जेवण्यापूर्वीं तो निघतो. कुत्रा, कावळा, किडामुंगी यांचा भाग आधीं, गृहस्थाचें पान नंतर. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांतहि हे बलि जमिनीवर हळूच ठेवावे असें सांगितलें आहे. हळूच ठेवावे, भिरकावूं नयेत.

पण ग्रंथाचा आधार घ्यावयाचा तर तो पुरता वाचला पाहिजे. ज्या श्लोकांत कुत्र्याचा वांटा आहे, त्याच श्लोकांत कुत्र्याशेजारीं बहिष्कृत माणसांनाहि बसविलेलें आहे. तो वाचतांना मान खालीं जाते. ती स्मृति २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाडास जाळली गेली, आणि ज्यांच्या नेतृत्वाखालीं ती जाळली गेली त्या डॉ. आंबेडकरांनींच १९५० सालीं आमच्या या शहरांत महाविद्यालय सुरू केलें. या गांवांत राहून मनूच्या आज्ञेवर कुत्र्याचें बिस्किट भाजणें मला बरें वाटेना. माणसाला कुत्र्याच्या पंक्तीला बसविणारी परंपरा वेगळी आणि कुत्र्याला माणसाच्या मायेंत घेणारी परंपरा वेगळी. दुसरी आपल्याकडे नाहीं असें थोडेंच आहे?

ती दुसरी परंपरा सासूबाईंनाच आठवली. रात्रीं देवाजवळ दिवा लावून झाल्यावर त्या आपल्याशींच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "नामदेवाची भाकरी कुत्र्यानं पळवली तेव्हां तो काठी घेऊन नाहीं धांवला. तुपाची वाटी घेऊन धांवला, कोरडी खाऊं नकोस म्हणून." नामदेवांचें गांव म्हणून मानलें जाणारें नरसी आमच्या मराठवाड्यांतलेंच, ही कथा त्यांनीं लहानपणापासून कीर्तनांत ऐकलेली. भाकरी कुत्र्यानें नेली होती, म्हणजे ती त्याला मिळालीच होती. तरीहि त्याला ती नीट खातां यावी म्हणून नामदेव मागें धांवले. 'मुद्दाम' या शब्दाचा अर्थ यापेक्षां चांगला कोणी सांगितला आहे असें मला वाटत नाहीं. क्षणभरानें सासूबाई म्हणाल्या, "पण ओटा आधीं धुवायचा आणि नंतरहि धुवायचा. आणि अंडं नको." आम्हीं सर्वांनीं तें तात्काळ मान्य केलें.

कामाला लागल्यावर पहिला शोध हा लागला कीं, आपल्या घरांत जें जें मायेनें खाऊं घालतात, त्यांतलें पुष्कळसें कुत्र्याला विष आहे. कांदा आणि लसूण कच्चे असोत कीं शिजलेले, त्यांनीं कुत्र्याच्या रक्तांतल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षें, मनुका आणि बेदाणे त्याचीं मूत्रपिंडें निकामी करूं शकतात. याचें कारण पुष्कळ वर्षें उमगत नव्हतें. २०२१ सालीं अमेरिकेंतील पशुवैद्यांनीं द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखविलें. तेंच आम्ल आपल्या चिंचेंत भरपूर असतें, तेव्हां चिंचेची आमटीहि त्याला देऊं नये. चॉकलेटांतलें थिओब्रोमीन माणूस लवकर पचवितो. कुत्र्याच्या अंगांत तें फार वेळ रेंगाळतें आणि हृदयावर उलटतें. सर्वांत सावध राहावें तें झायलिटॉलपासून. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांसाठीं आणलेल्या बिनसाखरेच्या गोळ्या, बिस्किटें आणि च्युइंगगम यांपैकीं कांहींत तें असतें. कांहीं तयार शेंगदाणा-लोण्यांतहि असतें. त्यानें कुत्र्याच्या रक्तांतली साखर अर्ध्या-एक तासांत धोक्याइतकी खालीं येते आणि यकृतहि बिघडतें. आजोबांसाठीं आणलेलें 'पथ्याचें' बिस्किट कुत्र्यालाहि पथ्याचेंच असेल, ही समजूत एकत्र कुटुंबांत सहज होण्यासारखी आहे, म्हणून हें मुद्दाम लिहीत आहें. नानकटाईंतलें जायफळहि त्याच्यासाठीं वर्ज्य, आणि आंबवलेलें कच्चें पीठ तर पोटांत जाऊन फुगतें.

मग त्याला आवडेल असें उरलें काय? सासूबाईंची शंका हीच होती. "मीठ नाहीं, गूळ नाहीं, तें तोंडांत धरेल तरी का?" पुतणीनें सांगितलें कीं, माणसाच्या जिभेवर चवीच्या कळ्या सुमारे नऊ हजार असतात, कुत्र्याच्या सुमारे सतराशेंच, त्याची सारी चैन नाकांत आहे. मिठावांचून अन्न बेचव हा ग्रह आपला. त्याला शिजलेल्या भोपळ्याचा आणि भाजलेल्या दाण्याचा वासच मेजवानीसारखा.

पहिला घाणा पुतणीनें केला. ज्वारीचें पीठ, लाल भोपळा, दाण्याचें कूट घालून तिनें गोळा मळला आणि लाटला. बाजारांतून तिनें हाडाच्या आकाराचा सांचाहि आणला होता. तो पाहतांच सासूबाई म्हणाल्या, "बिस्किट करूं दिलं, पण माझ्या ओट्यावर हाड नको." सांचा कपाटांत गेला आणि वाटीच्या कांठानें गोल चकत्या पाडल्या गेल्या. भट्टींतून बाहेर आल्या तेव्हां त्या चकत्यांना भेगा पडल्या होत्या. उचलतांना भुगा होई. पुतणीचें तोंड उतरलें. सासूबाई दारांत उभ्या राहून हें सर्व पाहत होत्या. शेवटीं त्यांना राहवेना. पदर खोंचून त्या पुढें आल्या. "अगं, ज्वारी आहे ती. गहूं नव्हे. तिला चिकटपणा कुठला? भाकरीला आधण लागतं तसं हिलाहि लागतं." त्यांनीं पाणी उकळलें, पिठांत ओतलें, झांकून ठेवलें, आणि मग कोमट झालेली ती उकड तळहातानें रगडून रगडून मळली. चौऱ्यायशीं वर्षांच्या त्या हातांत किती जोर आहे हें आम्हीं कितीतरी दिवसांनीं पाहिलें. दुसऱ्या घाण्याला एकहि भेग पडली नाहीं.

ज्या वाचकांच्या घरीं कुत्रा आहे त्यांच्यासाठीं प्रमाण देतें. ज्वारीचें पीठ दोन वाट्या, म्हणजे सुमारे २४० ग्रॅम. वाफवून कुसकरलेला लाल भोपळा एक वाटी. भाजलेल्या शेंगदाण्यांचें बिनमिठाचें कूट दोन मोठे चमचे. आणि लागेल तेवढें आधणाचें पाणी. मीठ, साखर, गूळ, खाण्याचा सोडा, तूप यांपैकीं कांहीं नको. अर्धा सेंटिमीटर जाड लाटून लहान वाटीनें चकत्या पाडाव्या, १६० अंशांवर पाऊण तासाच्या आंत-बाहेर भाजाव्या, आणि भट्टी बंद करून तींतच निवूं द्याव्या, म्हणजे त्या खुसखुशीत होतात. सुमारे पन्नास होतात. भोपळ्याचा ओलावा असल्यामुळें त्या फार दिवस टिकत नाहींत. शीतकपाटांत ठेवून आठवड्यांत संपवाव्या. पावसाळ्यांत बुरशीचा ठिपका दिसला तर सगळा डबा फेंकून द्यावा. बुरशी आपल्याला बाधते तशी कुत्र्यालाहि बाधते. आणि घरांतल्या कुत्र्याला कांहीं दुखणें असेल तर आधीं पशुवैद्यांना विचारावें, हें सांगावयास नकोच.

मापाचा हिशोबहि पुतणीनेंच मांडला. असा खाऊ कुत्र्याच्या दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्शाहून अधिक असूं नये, असा पशुवैद्यांचा सर्वसाधारण नियम आहे. मोत्याएवढ्या म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसाला सातशें-साडेसातशें उष्मांक पुरतात. आमच्या एका चकतींत सुमारे वीस येतात. म्हणजे दिवसाला तीन, फार तर साडेतीन. त्याचें मुख्य जेवण पशुवैद्यांनीं सांगितल्याप्रमाणें निराळें. हा केवळ वरचा खाऊ.

कुत्र्याचें बिस्किट ही कल्पना तशी दीडशें वर्षांहून जुनी आहे. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नांवाचा अमेरिकन गृहस्थ लंडनास गेला. गोदीवर पडलेल्या जहाजी बिस्किटांवर तेथलीं कुत्रीं तुटून पडतात हें पाहून त्याला गहूं, भाज्या, बीट आणि मांस यांचीं बिस्किटें करून विकण्याचें सुचलें, असें सांगतात. हाडाचा आकार पुढें १९०८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका कारखान्यानें दिला. तो आकार विकत घेणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसाठीं. कुत्र्याला त्याचें सोयरसुतक नाहीं. तेव्हां सासूबाईंनीं सांचा नाकारला त्यांत मोत्याचें कांहींच गेलें नाहीं.

पण त्याहून जुनी गोष्ट मला अधिक मोलाची वाटली. २०१३ सालीं स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं 'नेचर' साप्ताहिकांत एक शोध प्रसिद्ध केला. पिष्टमय अन्न पचविणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यांत दोनच प्रती असतात. कुत्र्यांत चारापासून तीसपर्यंत आढळल्या. याचा अर्थ असा कीं, माणूस शेती करूं लागल्यावर त्याच्या धान्याच्या उकिरड्यावर जो कुत्रा टिकला, त्याचें शरीरच हळूहळू बदलत गेलें. आपण हजारों वर्षें भाकरीचा तुकडा टाकीत आलों, आणि त्या तुकड्यानें कुत्र्याचा देह घडविला. जो आपल्या भाकरीनें घडला त्याच्यासाठीं एकदां मुद्दाम भाकरी भाजली, तर त्यांत नवल कसलें?

मोत्यामुळें गल्लींतल्या कुत्र्यांचाहि विचार घरांत सुरू झाला. पुतणीला वाटे, त्यांनाहि डबा भरून न्यावा. तिला मीं एवढेंच सांगितलें कीं, २०२३ च्या सरकारी नियमांप्रमाणें भटक्या कुत्र्यांना खाऊं घालण्याची जागा जिन्यापासून, दारापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून दूर असावी लागते. आणि बिस्किटापेक्षां लस व नसबंदी यांची गरज मोठी आहे. आपल्या पुण्याचा उपद्रव शेजाऱ्याच्या लेकराला होत असेल तर तें पुण्य अपुरेंच. आतां ती आणि तिच्या मैत्रिणी गल्लींतल्या कुत्र्यांना लस टोंचून घेण्याच्या खटपटींत असतात. बिस्किट तेथें कुत्र्याला जवळ बोलावण्यापुरतें कामाला येतें.

घरांत पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. मोत्याच्या हिरड्या दुखऱ्या, त्यामुळें चकती त्याला कोरडी चावेना. चहा तर त्याला वर्ज्य. सासूबाईंनीं कोमट पाण्याची वाटी घेतली, चकती मोडली, एक अर्धें पाण्यांत भिजवून त्याच्यापुढें धरलें. दुसरें अर्धें हातांत राहिलें. त्या त्याच्याकडे पाहत बसल्या, मग त्यांनीं तें आपल्या तोंडांत टाकलें. "वाईट नाहीं गं," मला म्हणाल्या, "अळणी आहे, पण माझ्या आमटीपेक्षां बरं आहे." त्या दिवशीं त्यांनीं चहा मागितला. तेव्हांपासून चार वाजतां एक चकती दोघांत मोडली जाते. पशुवैद्यांच्या मापांत बसतें, आणि डॉक्टरांच्याहि मापांत बसतें. मोत्याचें वजन आतां साडेपंधरावर आलें आहे. जिना तो अजूनहि थांबत थांबत चढतो. तेरा वर्षांच्या देहाला बिस्किटानें तारुण्य येत नाहीं, आणि तशी आमची अपेक्षाहि नाहीं.

गेल्या भाद्रपदांत मामंजींचें श्राद्ध झालें. गाईचा घांस, कावळ्याचा घांस, कुत्र्याचा घांस, असे वांटे पानावर निघाले. कुत्र्याच्या वांट्यांत रीतीप्रमाणें वडा आणि खीर होती. वड्यांत मीठ, खिरींत बेदाणे. सासूबाईंनीं तो वांटा अलगद बाजूला केला आणि पदराआडून आणलेल्या दोन चकत्या पानावर ठेवल्या. गुरुजींनीं प्रश्नार्थक पाहिलें. त्या म्हणाल्या, "ह्यांच्या मोत्याला मीठ चालत नाहीं." गुरुजी वयानें मोठे आणि समजूतदार. ते म्हणाले, "ज्याला जें मानवतं तेंच त्याला द्यावं. श्रद्धेनं दिलं म्हणूनच तर श्राद्ध म्हणतात."

मला वाटतें, आमच्या सगळ्या वादाचा निकाल त्या एका वाक्यांत झाला. माया सर्वांनाच असते. पण ती बहुधा आपल्या जिभेच्या चवीनें दिली जाते. ज्याला द्यावयाचें त्याच्या देहाला काय सोसतें हें विचारून, मोजून, त्याच्यासाठीं म्हणून करणें, हें मायेचें पुढचें पाऊल होय. तें कुत्र्याला लागू आहे तसें घरांतल्या वृद्धांना, आजाऱ्यांना आणि परगांवीं राहणाऱ्या लेकरांनाहि लागू आहे. आमच्या घरीं रविवारीं सकाळीं ओटा धुतला जातो, आधण ठेवलें जातें, आणि सासूबाई पुतणीला हांक मारतात, "चल गं, मोत्याचं करायचंय." टाकायचंय असें कोणी म्हणत नाहीं.